कडू तुपाची चूल

वाराणसी, संकठा घाटावरची गल्ली
आश्विन वद्य अष्टमी

प्रिय देवयानी,

तीस वर्षांत मी तुला लिहिलेलं हे दुसरं पत्र. पहिलं तुझ्या लग्नात पोचलं होतं. त्यात माझं स्वरचित मंगलाष्टक होतं आणि तिसऱ्या चरणात एक अक्षर कमी पडलं होतं. तुझ्या ते लक्षात आलं असणारच, पण तू कधी बोलून दाखवलं नाहीस, म्हणून मीही आजवर तो विषय काढला नाही.

एक दिवसाआड फोनवर बोलणाऱ्या माणसाने आज सकाळपासून कागद घेऊन बसावं, हे पद्मालाही चमत्कारिक वाटतंय. तिने दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा कागदात डोकावली आणि म्हणाली की गाडी अजून 'प्रिय'च्या स्टेशनातच उभी दिसते. आता ती हलली आहे. तुझा निमिष संध्याकाळच्या गाडीने निघेल आणि उद्या दुपारी हे पाकीट तुझ्या हातात देईल. तू पाकिटाआधी त्याची पिशवी उघडशील हे मला माहीत आहे. अवनीसाठी तिच्या आजोबांच्या, अण्णांच्या हातचं कडू तूप आणायला म्हणून तू त्याला नागपूरहून इतक्या लांब धाडलंस, तेव्हा बरणी आधी आणि मी नंतर हा क्रम योग्यच आहे. तरी या एका वेळी माझं ऐक आणि आधी हे वाच. बसून वाच.

इथलं म्हणशील तर गंगा उतरली. यंदा दोनदा चढली होती. आता पायऱ्यांवर हातभर गाळ आहे आणि पंप लावून तो धुण्याचं काम चालू आहे. दिवसभर घरघर असते. अण्णांना ती ऐकू येत नाही, म्हणजे बहिरेपणाचाही काही लाभ आहे म्हणायचा. पाठशाळेत माझ्या वर्गात सात विद्यार्थी आहेत. पाच येतात, तीन जागे असतात आणि एकाला व्याकरण आवडतं. त्या एकाच्या भरवशावर माझं चाललंय. बाकीच्यांना मोबाईलवर पत्रिका बघायची घाई आहे. गल्लीत मराठी घरं आता मोजून अकरा उरली. त्यातल्या निम्म्यांत मुलं 'मम्मी, पानी दे दो ना' म्हणतात आणि आई 'घे की आपल्या हाताने' म्हणते. पाणी मात्र मिळतं.

अण्णा शहाऐंशीचे झाले. चष्म्याशिवाय वाचतात, जिना एकटे चढतात, फक्त कान पूर्ण गेले. आम्ही त्यांना पाटीवर लिहून दाखवतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर ते आधी दुरुस्त करतात आणि मग उत्तर देतात, त्यामुळे पद्मा त्यांना जेवायला बोलावतानाही मला लिहायला लावते. फोन कानाला लावणं त्यांनी सोडलं त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून तुझं त्यांच्याशी आणि त्यांचं तुझ्याशी जे काही बोलणं होतं, ते माझ्या तोंडून होतं. मी खालच्या मजल्यावरचा शेजारी, त्यांच्याच घरात चार अक्षरं शिकलेला; दुसरं कोण मिळणार होतं त्यांना? दोन्हीकडे भाषा एकच असली की दुभाष्याचं काम सोपं, असं मला वाटायचं. यंदा तसं वाटेनासं झालं.

तुला गच्चीवरची ती चूल आठवत असेल. आश्विन लागला की मांडली जायची. पावसाळ्यात साचलेलं पित्त शरदाच्या उन्हाने उसळतं आणि ते कडू तुपाने आवरायचं, हा तुमच्या वैद्यघराण्याचा चार पिढ्यांचा नेम. कडुनिंब, गुळवेल, अडुळसा, रिंगणी आणि कडू पडवळ, अशा पाच कडूंचा काढा, त्रिफळ्याचा वाटलेला लगदा, आणि गाईचं तूप. गोवऱ्यांच्या मंद आचेवर तीन दिवस ते पातेलं रटरटायचं. पाट्यावर तू असायचीस आणि पळीवर मी. तू तेव्हा रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होतीस आणि देवाधर्मासकट सगळ्यांची परीक्षा घेत होतीस. एकदा तू अण्णांना म्हणालीस की यात शास्त्र एवढंच, काही कडू द्रव्यं पाण्यापेक्षा तुपात बरी उतरतात. अण्णा म्हणाले, 'एवढंच आहे. जास्त आहे असं कोणी सांगितलं तुला?' तू चिडलीस, कारण भांडायला काही उरलं नाही.

तूप झालं का ते बघायला अण्णा त्या लगद्याची बोटांवर वात वळायचे आणि निखाऱ्यावर धरायचे. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, गप्प जळली तर तूप सिद्ध झालं. अशाच एका दुपारी अण्णा खाली गेले होते आणि तू मला सरळ विचारलंस की मी त्यांच्याशी आपल्या दोघांबद्दल बोलणार आहे की नाही. त्यावर मी तुला ओली वात का तडतडते ते समजावून सांगितलं. सविस्तर सांगितलं. खरं तर एका 'हो'ने काम झालं असतं. हे पद्मा वाचणार आहे, पण तिच्यासाठी ही बातमी नाही. ती म्हणते, माझ्या नशिबाने तुम्हाला वेळेवर बोलता आलं नाही.

अवनी अकरा वर्षांची असताना तू तिला इकडे घेऊन आली होतीस, तोही शरदच होता. अण्णांनी तिच्या जिभेवर त्या तुपाचा थेंब ठेवला. आम्ही सगळे ती थुंकेल म्हणून बघत होतो. तिने तो गिळला, डोळ्यांत पाणी आलेलं तसंच ठेवलं आणि विचारलं, 'आजोबा, तुम्ही हे कोणावर रागावून करता का?' अण्णांनी हे वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. त्यांना तेव्हा ऐकू यायचं. मला वाटतं, त्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत ऐकलेल्या गोष्टींपैकी त्यांनी जपून ठेवलेली ही एक आहे.

तुमच्या घरचा दुसरा नेम तुला सांगायचं कारण नाही, पण मला तो एकदा लिहून काढायचा आहे. शरदाची चूल सगळ्या गल्लीची. तिच्यातलं चमचा-चमचा तूप ज्याला पाहिजे त्याला मिळायचं. एखाद्या मोठ्या दुखणेकऱ्यासाठी मात्र वेगळी चूल लागायची, त्याच्या एकट्याच्या नावाने. ती लागली म्हणजे अण्णांनी रोगी पत्करला. माणूस उठेल असं त्यांच्या मनाने घेतल्याशिवाय ती चूल पेटलेली कोणी पाहिली नाही. आणि चूल पेटली त्या दिवसापासून रोग्याचं पथ्य सुरू. मीठ नाही, आंबट नाही, गोड नाही, दोन्ही वेळा मुगाचं पातळ कढण, तूप हातात पडेपर्यंत. ज्याचं काही होण्यासारखं नाही त्याला शास्त्र प्रत्याख्येय म्हणतं, म्हणजे वैद्याने ज्याला हात जोडून 'नाही' म्हणावं असा. अण्णांच्या तोंडून 'नाही' कधी निघालं नाही. ते घरच्यांना एवढंच सांगायचे, 'आता त्यांना आवडेल ते खाऊ द्या.' ते ऐकलं की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. लहानपणी तू मला विचारलं होतंस की आवडीचं खायला मिळणार तर या रडतात कशाला. मी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा असल्याने मला माहीत असल्यासारखं केलं.

भाद्रपदात तू अवनीचे रिपोर्ट पाठवलेस. रक्ताचा तो आजार तिसऱ्यांदा उलटला होता आणि डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं होतं. देवव्रतराव गेल्यापासून तू सगळं एकटीने ओढते आहेस, पण आवाज कधी हलला नव्हता. त्या दिवशी, आयुष्यभर त्या पातेल्याला हसलेली तू मला म्हणालीस, 'नरहर, अण्णा चूल लावतील का विचार.' मी विचारलं. रिपोर्ट पाटीवर उतरवायला चार खेपा लागल्या. अण्णांनी सगळं वाचलं. ताप किती दिवस राहतो, हिरड्यांतून रक्त येतं का, भूक लागते की घरचे म्हणतात म्हणून खाते, असं विचारत राहिले. मी तुला विचारून लिहीत होतो. शेवटी त्यांनी पाटी पुसली आणि एक वाक्य बोलले. तुला मी सांगितलं की ते विचार करतायत. ते वाक्य या पत्रात येणार आहे; मी टाळत नाही, फक्त जिना चढताना थांबतात तसा थांबलो आहे.

घटस्थापनेच्या दिवशी गच्चीवर चूल पेटली. गोवऱ्या ओल्या निघाल्या, धूर जिन्यातून थेट माझ्या खोलीत, पद्मा वरून कोणाकोणाला नावं ठेवत होती, आणि नेमका तुझा फोन आला. हा कसला गोंधळ, तू विचारलंस. मी म्हटलं, चूल पेटवतोय. मग तू विचारलंस, 'अवनीसाठी?' मी 'हो' म्हणालो. त्यानंतर तू रडलीस. तीन वर्षांच्या या दुखण्यात मी तुला पहिल्यांदा रडताना ऐकलं, आणि ते रडणं सुटल्याचं होतं. संध्याकाळी तुझा मेसेज आला की कढण सुरू केलं.

तूप चौथ्या दिवशी झालं. फेस निवाला, वात गप्प जळली, अण्णा खूश होते. तुला मात्र मी सांगितलं की दुसरं आवर्तन चाललंय, तेच तूप नव्या काढ्यात पुन्हा. मग तिसरं. तुला शंका यायचं कारण नव्हतं, तू त्या घरची आहेस, शंभर आवर्तनांची तेलं असतात हे तुला माहीत आहे. परवापर्यंत मी सातव्यावर पोचलो होतो. एखाद्या अडाण्याने थाप मारली असती तर तू दोन दिवसांत पकडली असतीस. मी शास्त्राला धरून मारली, म्हणून तीन आठवडे टिकली. शास्त्राने पाच प्रसंगी खोटं बोलायला मुभा दिली आहे. मी पाचही घासूनपुसून पाहिले. हा प्रसंग त्यातल्या एकातही बसत नाही.

मधल्या काळात अवनीचे मेसेज येत राहिले. तुझी मुलं मला मामा म्हणतात; हे नातं ठरलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं, पण आता त्याचा अभिमान वाटतो. 'मामा, आवर्तन कितवं?' 'मामा, मी मूग या विषयावर पीएचडी करू शकते.' 'मामा, तूप कडू असतं ना? म्हणजे निदान त्याला चव तरी असेल.' मी प्रत्येकाला हात जोडल्याचं ते चित्र पाठवत होतो. व्याकरणाच्या शिक्षकावर अशी वेळ यावी.

परवा निमिष आला. अण्णांना आदल्या दिवशी पाटीवर लिहून सांगितलं होतं की नातू भेटायला येतोय. मी 'भेटायला' लिहिलं. ते सकाळपासून दाढी करून बसले होते. काल सकाळी चहा झाल्यावर निमिषने आपणहून पाटी ओढली आणि तूप झालं का असं लिहिलं. मी तिथेच होतो, त्याला अडवता आलं असतं. अण्णा म्हणाले, झालं की, चौथ्या दिवशीच झालं, यंदा उत्तम उतरलंय, तुला हवंय का, पित्त होतं का तुला. निमिष गोंधळला. माझ्याकडे बघितलं, मग त्याने पाटी पुसून लिहिलं, 'अवनीसाठी न्यायला आलो आहे. आई वाट बघते.'

पाटीवरचा मजकूर न सुधारता अण्णांनी ती खाली ठेवल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी निमिषकडे बघितलंच नाही.

'नरहर, देवयानीला असं कोणी सांगितलं?'

पाटी उचलून मी 'मी' लिहिलं. ते वाचायला त्यांना फार वेळ लागला. मग त्यांनी निमिषला विचारलं की पोर सध्या काय खाते. तो बिचारा नागपुरी ढंगात 'मूंग का पानी, आजोबा' असं मोठ्याने ओरडला, मग आठवण येऊन पाटीवर लिहिलं: कढण, बावीस दिवस. अण्णांनी आकडा वाचला. 'बावीस?' म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा एकदा, कोणालाच न विचारल्यासारखं, 'बावीस.' मग माझ्याकडे वळून, आवाज जराही न चढवता म्हणाले, 'मी तुला भाद्रपदातच सांगितलं होतं, नरहर. तिला आवडेल ते खाऊ द्या, म्हणून सांगितलं होतं.'

आलं ते वाक्य. देवयानी, घटस्थापनेला पेटली ती शरदाची चूल होती, गल्लीची, दरवर्षीची. अवनीच्या नावाने चूल पेटलीच नाही. अण्णांचं उत्तर मला भाद्रपदापासूनच ठाऊक होतं, आणि ते तोंडातून काढायचं धाडस माझ्यात नव्हतं. तू विचारलंस तेव्हा तुझ्या आवाजात जे होतं ते मला मोडवलं नाही. हे कारण आहे, समर्थन नाही. तो फरक मी वर्गात शिकवतो.

तू म्हणशील, अकरा घरांना तूप आहे आणि नातीला नाही? त्यातलंच चमचाभर द्यायला काय जातं? मीही आज सकाळी पाटीवर हेच लिहिलं, जवळजवळ याच शब्दांत. अण्णांनी ते वाचलं. मग म्हणाले, 'जात काहीच नाही रे. पण ती पोर ते कडू गिळेल आणि देवयानी समोर बसून तिच्या तोंडाकडे बघेल. रोज बघेल. आज रंग आला का, आज ताप उतरला का. माझ्या हातून तिला ते नाही द्यायचं.' मग मला म्हणाले की तिला कळव, आणि पत्राने कळव. मी लिहिलं की फोन लगेच लागेल. ते म्हणाले, 'फोनवर तू पुन्हा हो म्हणशील.' आणि पाटी भिंतीला टेकवून उलटी ठेवली. म्हणजे आज त्यांना कोणी काही सांगू नये. निमिष त्यांच्याजवळ बसला आहे. आजोबांचा हात त्याच्या गुडघ्यावर आहे. त्याच्या पिशवीत बरणी नाही. पद्माने दिवाळीच्या फराळातलं जे काही तयार होतं ते बांधून दिलंय. अवनीसाठी, असं तिने मला सांगितलं, आणि डोळ्यांत बघून सांगितलं.

इथपर्यंत लिहिलं ते अण्णांच्या सांगण्यावरून. पण एवढंच असतं तर मी कदाचित याही वेळी पळवाट काढली असती आणि निमिषला तोंडी निरोप दिला असता. लिहायला बसलो ते काल संध्याकाळच्या एका गोष्टीमुळे. निमिषला घेऊन मी गाळ चुकवत घाटाघाटाने मुन्शी घाटापर्यंत गेलो. वाटेत मणिकर्णिकेच्या चिता लागतात. इथली माणसं तिथून जाताना चाल बदलत नाहीत. तो मात्र खाली बघून चालला. तो आता माझ्यावर ओरडेल याची मी वाट बघत होतो. पायरीवर बसल्यावर तो म्हणाला, 'मामा, अवनीला सगळं माहीत आहे. डॉक्टरांनी आईला बाहेर बोलावलं ना, तेव्हाच तिने फाईल वाचून टाकली. मला म्हणाली, आईला गॅसवर काहीतरी ठेवायला पाहिजे रे, नाहीतर ती बसून जाईल. म्हणून पिते ती.' तुझी मुलगी दोन्ही वेळा ते बेचव पाणी तुझ्यासाठी पिते आहे, देवयानी, आणि तू ते तिच्यासाठी शिजवते आहेस, आणि दोघींच्या मध्ये माझा एक 'हो' पडला आहे. तो मी उचलतो आहे. हे पत्र त्यासाठी. उद्या दुपारी तू हे वाचशील तेव्हा स्वयंपाकघरात रात्रीचे मूग भिजत असतील, ते राहू देत. तिच्या खोलीत जा आणि तिला सांग की तिला ठाऊक आहे हे तुला कळलं. मग तिला विचार काय खावंसं वाटतं. ती काहीच नको म्हणेल, किंवा असं काही मागेल की तुला धावपळ करावी लागेल. काय मागेल ते मला माहीत नाही. कशानेही काही बदलणार नाही, हे अण्णांनी सांगितलंय आणि तू त्यांची मुलगी आहेस, तुला मी आणखी समजावणार नाही. माझ्याशी यापुढे बोलायचं की नाही ते सावकाश ठरव, त्याला घाई नाही. या गोष्टीला आहे. निमिष म्हणतो, तिला अजून नीट गिळता येतं. किती दिवस येईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. म्हणून उद्याच.

महिनाभर उशिराने खरं बोलणारा,
तुझाच
नरहर